ब्लाउजचं माप अर्ध्या इंचापर्यंत, आणि आतला नंबर अंदाजे?

सातारा जिल्ह्यातल्या एका ४२ वर्षांच्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. लग्नाच्या बस्त्याच्या वेळी आईनं ‘३६ बी’ नंबरची ब्रा घेऊन दिली, तोच नंबर त्या गेली १८ वर्षं वापरत आहेत. फळ्यावर लिहायला हात वर केला की खांद्यावरची पट्टी घसरते, मागचा पट्टा पाठीवर वर चढतो, काखेजवळ कपच्या कडेतून अंग बाहेर येतं आणि संध्याकाळी खांद्यांवर लाल वळ असतात. ‘बायकांचं असंच असतं’ असं त्या धरून चालल्या होत्या. मागच्या महिन्यात १५ वर्षांच्या मुलीची खरेदी करायला त्या पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेल्या. तिथल्या विक्रेत्या मुलीनं सहज त्यांनाही टेप लावला. छातीखाली साडेतेहतीस इंच, वर अडतीस. “मॅडम, तुमचा ३४ डी आहे.” बरोबरची नणंद खो खो हसली. “डी? वहिनी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!” किंमत अकराशे रुपये. बाई काही न घेता बाहेर पडल्या. त्या विचारतात: इतकी वर्षं मी चुकीचं घालत होते, की ती मुलगी महागाचा माल खपवत होती? कुणाला दिसतही नाही अशा गोष्टीवर या वयात हजार रुपये घालवणं शोभतं का? आणि मुलीला मी काय सांगू?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी आरशासमोर गेले आणि दोन्ही हात वर केले. माझाही पट्टा दोन बोटं वर चढला. तेव्हा ही सल्ला देणारी बाई फार शहाणी आहे असं समजू नका. मलाही तुळशीबागेतल्या एका दुकानदारानं वीस वर्षांपूर्वी लांबूनच एक नजर टाकून “३४ घ्या ताई” म्हणत खोका पुढे सरकवला होता, आणि मी तो कागदात गुंडाळून मान खाली घालून घरी आणला होता.

आधी त्या १८ वर्षांचं बघू. लग्नातला ब्लाउज आज काढून घालून बघा. शिंप्यानं आत ठेवलेली सगळी माया सोडली तरी हुक लागतील का? मधल्या काळात एक बाळंतपण झालं, अंगावर पाजणं झालं, वजन वरखाली झालं. शिवाय पाळीच्या आधीच्या आठवड्यात छाती जड होते ती वेगळीच. चपलेचा नंबर एकदा ठरला की सहसा तोच राहतो, म्हणून आपण हाही नंबर तसाच धरतो. पण हा दर वर्षी, आणि वजन पाचेक किलोनं हललं की लगेच, नव्यानं मोजायचा असतो.

मला गंमत वाटते ती एका गोष्टीची. ब्लाउज शिवायला टाकताना छाती, कंबर, शोल्डर, मुंडा, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा, सगळं आपण मोजून देतो. अर्धा इंच चुकला तर परत जाऊन भांडतो. कटोरी ब्लाउज असेल तर कटोरी बरोबर छातीवर बसली पाहिजे, असं शिंप्याला बजावून सांगतो. आणि ज्याच्यावर तो ब्लाउज बसायचा आहे, ती आतली कटोरी मात्र आईच्या अंदाजानं, दुकानदाराच्या नजरेनं किंवा मैत्रिणीच्या नंबरावरून घेतो. तुम्ही एकट्याच काही वेगळं करत नव्हता.

आता ‘३४ डी’ म्हणजे काय ते सांगते, कारण सगळा घोळ इथंच आहे. यात दोन मापं आहेत. ३४ हा छातीखालच्या पट्ट्याचा नंबर. डी हा कप, म्हणजे छातीवरचं माप त्या पट्ट्याच्या नंबरापेक्षा किती इंच जास्त आहे ते. एक इंच फरक म्हणजे ए, दोन बी, तीन सी, चार डी, पाच डीडी. तुमचं छातीखाली साडेतेहतीस, म्हणजे जवळचा नंबर ३४. वर ३८. फरक चार. त्या मुलीनं काहीही खपवलेलं नाही, साधी वजाबाकी केली आहे. तिचं सुचवलेलं मॉडेल महागाचं असेल, ते वेगळं. माप आणि किंमत या दोन गोष्टी वेगळ्या धरा.

डी ऐकल्यावर नणंदबाईंना हसू आलं, कारण डी म्हटलं की ‘फार मोठं’ असं आपल्या डोक्यात बसलंय. ही अक्षरं अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प नावाच्या कंपनीनं १९३२ च्या सुमारास लावली, तेव्हा ती ए ते डी अशी चारच होती. डी शेवटचं अक्षर. तेव्हाचाच तो धाक अजून उरलाय असं मला वाटतं. आज त्याच्यापुढे कितीतरी अक्षरं आहेत. आणि नुसत्या अक्षराला काही अर्थच नाही. ३२ डी आणि ४० डी यांचे कप शेजारी ठेवले तर एकात दुसरा सहज मावेल. उलट ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी या तिघींचे कप साधारण एकाच मापाचे. पट्टा एक नंबर खाली आला की कपचं अक्षर एक पुढे जातं. इंग्रजीत यांना सिस्टर साइज म्हणतात. हे लक्षात ठेवलंत तर दुकानात फार उपयोग होतो: कप छान बसतोय पण पट्टा सैल आहे, तर पट्टा एक खाली आणि अक्षर एक वर मागायचं.

म्हणजे तुमच्या ३६ बीचा कप ३४ सीएवढा होता. तुम्हाला हवा होता डी. कप एक नंबर लहान आणि पट्टा एक नंबर सैल, असं दोन्हीकडून चाललं होतं. काखेजवळ अंग बाहेर येत होतं ते कप पुरत नव्हता म्हणून. पट्टी घसरत होती ती मागचा पट्टा सैल होऊन पाठीवर कमानीसारखा वर जात होता म्हणून. आणि खांद्यांवर वळ उठत होते, कारण पट्टा काम करत नाही म्हटल्यावर तुम्ही खांद्याच्या पट्ट्या ओढून ओढून आवळत होता.

बहुतेकींचं असंच होतं, त्याला कारण बाजार आहे. साध्या होजिअरीच्या दुकानातल्या खोक्यांवर नुसतं ३२, ३४, ३६ लिहिलेलं असतं. कपचं अक्षर नसतं, आणि असलं तर बहुतेक वेळा बीच. मग जिला कप पुरत नाही ती काय करते? नंबर वाढवते. ३४ चं ३६, ३६ चं ३८. कप जेमतेम पुरतो, पण पट्टा लोंबायला लागतो. मग दुसऱ्याच महिन्यात हुक शेवटच्या घरात.

ब्राचं वजन खरं तर पट्ट्यानं पेलायचं असतं, खांद्यांनी नाही. आपल्या आज्यांना हे न सांगता कळत होतं. खणाची गाठीची चोळी आठवा. तिला ना हुक, ना खांद्याला ओढणारी पट्टी. छातीच्या बरोबर खाली दोन टोकांची गाठ मारायची, आणि ती रोज हातानं, त्या दिवशीच्या अंगाप्रमाणे. माझी आजी अंगावर पाजती असताना गाठ सैल मारायची आणि शेतावर जाताना घट्ट, असं आई सांगायची.

आता घरी माप कसं घ्यायचं ते. टेप नीट असू दे, शिवणाच्या डब्यातला जुना कापडी टेप ताणलेला असतो, तो एकदा फूटपट्टीवर ठेवून तपासा. टेप नसेलच तर परकराची नाडी आणि मुलीच्या दप्तरातली फूटपट्टी चालेल. पॅड नसलेली ब्रा घालून आरशासमोर उभ्या राहा. श्वास सोडून छातीच्या बरोबर खालचा घेर मोजा, टेप अंगाला घट्ट लागलेला आणि जमिनीला समांतर. पाठीमागे टेप खाली घसरतो, तिथं मुलीला बघायला सांगा. मग छातीच्या सर्वांत भरलेल्या जागी, टेप न आवळता. छाती खाली उतरलेली असेल तर कमरेतून थोडं पुढं वाकून हे दुसरं माप घ्या, उभ्यानं ते कमी येतं.

एक अडचण मात्र आहे, आणि ती तुमच्या हातात नाही. नंबराची पद्धत सगळ्या कंपन्यांची सारखी नाही. जुन्या हिशोबात छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवून नंबर काढायचे. त्या हिशोबानं तुम्ही ३८ व्हाल, आणि कप नावालाच उरेल. आपल्याकडे काहींचा ३४ अजून २९-३० इंच घेराच्या बाईसाठी असतो, काहींचा खरोखर ३३-३४ साठी. म्हणून नंबर पाठ करू नका, आपली दोन मापं पाठ करा, साडेतेहतीस आणि अडतीस. प्रत्येक कंपनीचा तक्ता काढून त्यात ही दोन मापं शोधा. एका कंपनीत ३४ डी आणि दुसरीत ३६ सी निघालं तर कुणीही फसवत नाहीये.

आणि तरी माप म्हणजे सुरुवातच. शेवट ट्रायल रूममध्ये होतो. जवळच्या मापाचे तीन घेऊन आत जा: ३४ डी, ३४ सी, ३६ सी. हुक सगळ्यात बाहेरच्या घरात, म्हणजे सर्वांत सैल ठिकाणी लावा. नवी ब्रा तिथंच नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक वापरानं सैल होतं, तसे आतल्या घरांत जायचं, त्यासाठीच ती तीन घरं असतात. दुकानात आतल्या घरात बसलं म्हणून घेतलं, तर दोन महिन्यांनी काय करणार?

हुक लावल्यावर पुढे वाका, उजव्या हातानं डाव्या काखेजवळचं अंग कपमध्ये ओढून घ्या, मग दुसरी बाजू. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आपण बहुतेकजणी ब्रा नुसती अडकवतो, आणि अर्धं अंग काखेतच राहतं. आता उभ्या राहून बघा. कप पुरतोय की कडेवरून ओसंडतोय? की उलट वरच्या बाजूला चुण्या पडल्यात? कपाखाली तार असेल तर ती छातीच्या खालच्या घडीत बसलीय का, की अंगावर चढलीय? मधला तुकडा छातीच्या हाडाला टेकलाय का? (बिनतारेच्या ब्रात तो थोडा दूर राहू शकतो, तिथं फार अडू नका.) मागच्या पट्ट्याखाली दोन बोटं जातील, मूठ नाही. मग खांद्याच्या दोन्ही पट्ट्या उतरवा आणि हात हलवा. पट्ट्यांशिवायही ती जागची फार हलली नाही, तर ती तुमची.

आणि तुमच्यासाठी खास: हात वर करून फळ्यावर काना-मात्रा लिहिल्यासारखं करा. दहा वेळा. शाळेत सात तास घालायची आहे. जमलं तर नेहमीचा सुती ब्लाउज बरोबर न्या आणि वरून घालून बघा, कारण जाड पॅडच्या कपावर तुमचे सध्याचे ब्लाउज बसणार नाहीत आणि मग तुम्ही ब्रालाच दोष द्याल.

एक छाती दुसरीपेक्षा थोडी मोठी असते, बहुतेकींची. मोठीच्या मापानं घ्या आणि दुसऱ्या बाजूची पट्टी जरा आवळा. यात काही बिघडलेलं नाही. मात्र गाठ हाताला लागली, स्तनाग्रातून स्राव आला, त्वचेवर खळी पडली किंवा एकाच ठिकाणी सतत दुखत राहिलं, तर ती गोष्ट मापाची नाही, डॉक्टरांकडे जायची आहे. छातीखाली घामानं लाल चट्टे येत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि ब्रा रोज बदला. आणि हो, तारेनं किंवा काळ्या रंगानं कॅन्सर होतो हे जे फिरत असतं, त्यानं घाबरू नका. अमेरिकेतल्या सिएटल परिसरातल्या ५५ ते ७४ वयाच्या बायकांचा २०१४ साली छापून आलेला अभ्यास आहे, त्यात ब्रा वापरण्याचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध आढळला नाही. तार टोचत असेल तर नका वापरू, पण भीतीनं नको.

टेप लावून घ्यायला परक्या बाईचा संकोच वाटत असेल तर तसं सांगायचं. कुर्त्यावरून माप घेता येतं, एखादा इंच इकडे तिकडे होतो, तो ट्रायलमध्ये कळतो. काउंटरवर पुरुष असेल तर “दोन मापं ही, कपडा सुती हवा, तीन दाखवा” एवढं बोलून मोकळं व्हायचं. अंदाज करायला त्याला वाव देऊ नका. मापंच हातात असली की तो पण सरळ वागतो, माझा अनुभव आहे. ऑनलाइन घेणार असाल तर आतले कपडे परत घेतात का हे आधी वाचा, पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत. आधी एकच मागवा.

आता हजार रुपये. ‘कुणाला दिसत नाही’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. साडीच्या आतला परकरही दिसत नाही, पण घोट्याच्या वर गेला की आपण साडी सोडून परत नेसतो. ब्रा दिसत नाही, पण तिच्यावर बसलेला ब्लाउज दिसतो, आणि ओढून धरलेले खांदे तर तिसऱ्या बाकावरच्या मुलांनाही दिसतात. पण मी तुम्हाला अकराशेचीच घ्या असंही म्हणत नाही. माप बरोबर असेल तर तीनशे-चारशेतही चांगली मिळते, हाताला जाड, ताणून सोडलं की लगेच जागेवर येणारा पट्टा असलेली, तीन हुकांची. डी कपात कदाचित थोडं शोधावं लागेल, पाचशे-सहाशेपर्यंत जावं लागेल. आत्ता एक घ्या. आठवडाभर घाला, मग त्याच मापाच्या आणखी दोन. तीन असल्या की एक अंगावर, एक दोरीवर, एक आराम करते, आणि इलॅस्टिक जास्त दिवस टिकतं. पिळू नका, मशीनमध्ये टाकायचीच तर हुक लावून जाळीच्या पिशवीत, आणि उन्हात नको. सहा ते नऊ महिने ती रोजच्या वापरात नीट राहते, मग हुक आतल्या घरातही सैल वाटायला लागतो.

दोरीवरून आठवलं. मुलीला काय सांगू, असं तुम्ही विचारता. तुमच्या घरात ब्रा टॉवेलखाली वाळते की उघडी, हे ती रोज बघते. तुम्ही दुकानातून काही न घेता परत आलात, हेही तिनं पाहिलं असेल. तिला सांगायला फार काही नाही. दोघींनी एका संध्याकाळी दार लावून एकमेकींचं माप घ्या. तिचा टेप तुम्ही धरा, तुमचा ती. तिचं एका कागदावर लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी परत मोजा, या वयात ते पटापट बदलतं. म्हणून तिला महागाचं नको, मऊ सुती, बिनतारेचं. कबड्डी किंवा धावणं असेल तर एक स्पोर्ट्स ब्रा वेगळी, आणि ती उड्या मारून बघून घ्यायची.

राहिल्या नणंदबाई. त्यांचा नंबर कुणी शेवटचा कधी मोजला होता, एवढं विचारा. दुखावण्यासाठी नाही, खरंच विचारा. बहुधा त्याही लग्नातलाच नंबर घालत असतील. पुढच्या वेळी दुकानात जाताना त्यांना बरोबर घ्या, मात्र ट्रायल रूमच्या बाहेर बसवा.

जायचं ते सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या. गर्दी नसते, विक्रेत्या मुलींना वेळ असतो, आणि सणासुदीच्या संध्याकाळी जो रेटा असतो तो नसतो. पाळीच्या आधीचा आठवडा टाळा, तेव्हाचं माप फसवतं.

आणि जुन्या ३६ बी लगेच टाकू नका. त्यातल्या एखादीची मागची पट्टी, हुक आणि घरांसकट, दोन्हीकडून कापा आणि कापलेली टोकं एकमेकांना शिवून ठेवा. पाळीच्या दिवसांत नवा पट्टा आवळेल तेव्हा ती मधे अडकवता येते. बाजारात असली पट्टी वेगळी विकत मिळते, पण तुमच्याकडे तर १८ वर्षांच्या साठवलेल्या असतील.